मत्स्यटाकीसाठी गळलेली पाने कशी तयार करावीत?

प्रश्न:
माझ्या टाकीत एक बेट्टा मासा आणि काही लहान कोळंबी आहेत. त्यांच्यासाठी देशी बदामाची गळलेली पाने वापरायची आहेत. ती कोणत्या अवस्थेत गोळा करावीत आणि उकळणे आवश्यक आहे का?

उत्तर १:
पूर्ण तपकिरी होऊन आपोआप गळलेली पानेच घ्यावीत, कारण गळण्यापूर्वी झाड पानातील बरीचशी पोषकद्रव्ये परत ओढून घेते. हिरव्या पानातील शर्करा मात्र पाण्यात उतरते, जीवाणू झपाट्याने वाढतात आणि पाणी गढूळ होते. रहदारीच्या रस्त्याकडेची किंवा कीटकनाशक फवारलेल्या झाडांची पाने टाळावीत. झाडाची ओळख निश्चित नसेल तर पान उचलूच नये. कण्हेर विषारी आहे, ती कटाक्षाने वर्ज्य करावी. साबण न लावता धुऊन, कुरकुरीत वाळवून पाने कागदी पिशवीत ठेवावीत.

उत्तर २:
उकळणे अनिवार्य नाही. उकळलेले पान लवकर बुडते, परंतु त्यातील बरेचसे टॅनिन (पाण्याला चहासारखा रंग देणारे, किंचित आम्लधर्मी द्रव्य) त्या पाण्यातच निघून जाते. म्हणून उकळते पाणी ओतून पाने थोडा वेळ भिजवणे मला अधिक योग्य वाटते. कोळंबी कुजत्या पानावरचा सूक्ष्मजीवांचा थर आवडीने खातात, तेव्हा केवळ शिरांची जाळी उरेपर्यंत पान काढू नये.

उत्तर ३:
सुरुवात एक-दोन पानांनीच करावी, कारण पाने कुजताना पाण्यातील ऑक्सिजन खर्च होतो. पाण्याची कार्बोनेट कठिणता (आम्लतेला रोखणाऱ्या क्षारांचे प्रमाण) जास्त असल्यास रंग चहासारखा झाला तरी पीएच (आम्लता दर्शवणारा आकडा) फारसा उतरत नाही, म्हणून रंगावरून अंदाज न करता तो मोजावा. गाळणीतील सक्रिय कोळसाही काढून ठेवावा. तो टॅनिन शोषून घेतो.