पानगळीतली फुलं आणि वाजणारे दगड: फाल्गुनातल्या पायपिटीचे अनुभव

राजेंद्रनगरची:
इंदूरचा माणूस फिरायला निघतो तो श्रावणात. पाताळपाणी, तिंछा, चोरल, सगळं पावसातलं. मार्चमध्ये डोंगरावर जातोय म्हटलं की शेजारच्या काकू विचारतात, "आता तिथे काय ठेवलंय, धूळ?" म्हणून हा धागा काढतेय. रुक्ष, दगडाळ जागी, ऐन फुलांच्या दिवसांत पायी हिंडला असाल तर लिहा. माळव्यातलं असो की परमुलखातलं. नुसते फोटो डकवू नका, काय घडलं ते सांगा.

सुरुवात मीच करते. होळीच्या आदल्या रविवारी आम्ही चौघं देवास जिल्ह्यातल्या कावडिया पहाडाला गेलो. पोह्यांचा डबा आणि जिरावणाची (पोह्यांवर भुरभुरायच्या मसाल्याची) पुडी वेगवेगळी (आधी भुरभुरलं तर पोहे ओले होतात, हा सासूबाईंचा नियम). डबल चौकी, चापडा, बागली, पुंजापुरा असा रस्ता. बागली सोडली आणि पळस सुरू झाला. झाडाला पान म्हणून नाही, नुसती केशरी फुलं. लांबून सगळेच बघतात. मी एक खाली पडलेलं उचललं. देठाकडची टोपी काळपट आणि मखमली, पाकळी पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली, पाठीवर बारीक रेशमी लव. वास मात्र शून्य.

पहाड म्हणजे लाकडाच्या वखारीत ओंडके रचावेत तसे कोनदार दगडी खांब, एकावर एक. गुराख्याचा पोरगा म्हणाला, भीमाने आणून टाकलेत. त्यानेच छोटा दगड घेऊन एकावर ठोकलं. टण्ण! घंगाळावर पळी आपटल्यासारखं. मग आम्ही तासभर तोच उद्योग केला. मातीत रुतलेला दगड ठप्प बोलतो, दोन टोकांवर टेकलेला खणखणतो. उतरताना ह्यांच्या बुटाचा तळ सुटला. पाच वर्षं माळ्यावर ठेवलेले बूट, दुसरं काय होणार? माझ्या ओढणीने बांधून गाडीपर्यंत आले.

तुकोगंजची आजी:
माझा अनुभव परमुलखातला. लेक लॉस एंजेलिसजवळ राहते. मार्च २०१९ मध्ये तिने जोशुआ ट्री नॅशनल पार्कला नेलं. वाळवंटात फुलं बघायला जायचं म्हटल्यावर मला वाटलं पोरगी थट्टा करतेय. पण त्या हिवाळ्यात तिथे पाऊस बरा झाला होता, आणि तसा झाला की वर्षानुवर्षं मातीत पडून राहिलेलं बी एकदम उगवतं. दक्षिणेकडच्या फाटकातून शिरलो, तर रस्त्याकडेला पिवळं, जांभळं, निळं. काही फुलं इतकी चिमुकली की नातू पोटावर पालथा पडून बघत होता. ओकोतीयो नावाचं एक झाड आहे, नुसत्या काटेरी काठ्या उभ्या, आणि प्रत्येकीच्या टोकाला लाल फुलांचा तुरा. मला तर ओळीने गुढ्या उभारल्यासारख्या वाटल्या, पाडव्याआधीच!

पुढे चोया निवडुंगाची बाग लागली. उन्हात त्याचे काटे चांदीसारखे चमकतात, अगदी हात लावावासा वाटतो. लावू नका. त्याचे गोळे नुसत्या स्पर्शाने सुटतात. एक माझ्या सलवारीला चिकटून पोटरीत रुतला. नातवाने हाताने ओढला तर तो त्याच्या तळव्यातही रुतला! काट्यांना उलटे दात असतात, ओढावं तितके धरून ठेवतात. लेक घाबरली. शेवटी पर्समधली माझी फणी कामाला आली. फणीचे दात गोळ्याखाली सरकवायचे आणि झटक्यात उडवायचा. आधी त्याचा हात, मग माझा पाय. "आई, अमेरिकेला फणी कशाला?" म्हणणारी लेक हीच बरं का.

पाणी माणशी चार लिटर घ्या, आत बहुतेक ठिकाणी मिळत नाही. आणि फूल तोडायचं नाही, तिथे कायद्याने मनाई आहे. माझ्या देवाच्या परडीची सवय, दोनदा हात पुढे गेला.

ते दगडही सांगायला हवेत. हत्तीएवढे गोलमटोल, कोणी तरी खेळता खेळता रचून ठेवलेत असं वाटतं.

सुदामानगर, निवृत्त मास्तर:
आजी, तुमचा दगड आणि कावडियाचा दगड सख्खे भाऊ नव्हेत. कावडिया म्हणजे बेसाल्ट, आपल्या दख्खनच्या लाव्ह्यातला, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. लाव्हा थंड होताना आक्रसतो आणि तडकतो, तळ्याचा चिखल वाळून भेगाळतो तसाच. भेगा आत आत जातात, म्हणून पाच-सहा बाजूंचे खांब होतात. तुमचा तो ग्रॅनाइट, याहूनही जुना, जमिनीच्या पोटातच थिजलेला. त्याला भेगा पडल्या, झिरपणाऱ्या पाण्याने कोपरे कुजवले, वरची माती वाहून गेली आणि गोल धोंडे उघडे पडले. शाळेत हे फळ्यावर शिकवताना निम्मा वर्ग झोपायचा. एकदा खांब वाजवून दाखवला असता तर!

भवरकुआंवाला:
आम्ही जानेवारीत गेलो. पळसाला पाने तीनच दिसली. पुढचं बोलायला नको.

रामबागेतला:
मांडूचं सांगतो. काकडा खोह नावाच्या दरीजवळ सकाळी उतरत होतो. गोरखचिंचा निष्पर्ण, फुगलेल्या रांजणांसारख्या. पलीकडे काटेसावर फुललेली, तिच्यावर मैना-बुलबुलांचा गोंगाट. मित्राने अत्तर मारलेलं आणि वर सिगारेट पेटवली. कड्याला आग्या मोहोळ होतं ते कोणी बघितलंच नव्हतं. त्याला सात डंख, मला दोन. धावताना, भिया, चष्माही गेला. तेव्हापासून कड्याखाली बसायच्या आधी मान वर करून बघतो. अत्तर घरीच ठेवा.

लोकमान्यनगरची:
आणखी एक रडगाणं. एका सुंदर खडकावर कुणीतरी पांढऱ्या ऑइल पेंटने बदाम काढून दोन नावं लिहिलीत. लग्न झालं की नाही, देव जाणे. आणि वाजतो म्हणून घरी दगड उचलून आणणारे? आमच्याच नात्यात एक आहेत. हॉलमधल्या शोकेसमध्ये त्यांचा दगड आता ठप्प बोलतो.

राजेंद्रनगरची:
काकू, त्या नातेवाइकांना पत्ता देते, परत ठेवून या म्हणावं!
मोहाच्या फुलांबद्दल कुणीच लिहिलं नाही अजून. पहाटे मोह झाडाखाली टपटपतो, मण्यासारखा, रसाळ. गावातल्या बाया उजाडायच्या आत झाडाखालचं झाडून ठेवतात म्हणे. यंदा तेच बघायचंय. पण ह्यांना रंगपंचमीची गेर (राजवाड्यावरची रंगांची मिरवणूक) सोडवत नाही, आणि तोवर मोह पडायला लागतो. राजवाड्यावरून भिजून आल्यावर दुसऱ्या पहाटे चारला कोण उठतंय? तयार असाल तर गाडीत दोन जागा आहेत. बूट नवे घालून या.