'टॉरेफॅक्शन'ला 'भाजणे' म्हणावे का?

प्रश्न :
पऱ्हाटीपासून, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांपासून, इंधनाचे पेलेट (दाबून केलेल्या लहान कांड्या) तयार करण्याविषयीच्या एका पुस्तिकेचा अनुवाद करताना 'टॉरेफॅक्शन' या शब्दापाशी अडलो आहे. या प्रक्रियेत काडीकचरा प्राणवायूचा शिरकाव होऊ न देता साधारण २०० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. त्याचे वजन सुमारे ३० टक्क्यांनी घटते, मात्र ऊर्जा १० टक्क्यांच्या आसपासच जाते, आणि उरलेला तपकिरी माल ओल धरत नाही. मी 'भाजलेली पऱ्हाटी' असे लिहिले होते. तपासनिसांनी तो शब्द स्वयंपाकघरातला म्हणून खोडला आणि 'अर्धदहन' सुचवले.

प्रतिसाद :
'अर्धदहन' सरळ चुकीचे आहे, कारण दहनाला प्राणवायू लागतो आणि येथे तोच मुद्दाम दूर ठेवलेला असतो. फ्रेंचमध्ये कॉफीच्या बिया भाजण्यालाही हाच शब्द आहे, मग आपल्यालाच स्वयंपाकघराचा संकोच का वाटावा? थालीपिठाच्या भाजणीसाठी आई ज्वारी मंद आचेवर परतत असे आणि एक दाणा दाताखाली धरून पाही. तो कट्‌कन तुटला की कढई उतरवायची, कारण कच्चा दाणा नीट दळला जात नाही आणि करपलेला कडू लागतो. पऱ्हाटीतले हेमिसेल्युलोज, म्हणजे काडीतले तंतू बांधून ठेवणारे द्रव्य, उष्णतेने मोडते, चिवट काडी ठिसूळ होते आणि वीजकेंद्राच्या चक्कीत दगडी कोळशाबरोबर दळली जाते. हे भाजणेच आहे.

प्रतिसाद :
कढई उघडी असते आणि तिच्यात हवा येते, हे विसरू नये. शास्त्रीय लेखनात संज्ञेचा अर्थ काटेकोर हवा, म्हणून 'निर्वायू भर्जन' असा शब्द घडवावा. 'कोळसा' मात्र कोठेही येऊ देऊ नये. लोणारी कोळशाला, म्हणजे लाकडापासून केलेल्या कोळशाला, याहून बरीच अधिक उष्णता लागते.

प्रतिसाद :
'भर्जन' आणि 'भाजणे' एकाच धातूचे आहेत. मग शेतकऱ्याला अपरिचित रूप का द्यावे? लॅटिनमधील 'टॉरेरे', म्हणजे वाळवणे किंवा भाजणे, आणि संस्कृतातील 'तृष्' यांचे मूळही एकच मानले जाते. तृष्णेची प्राकृतात 'तण्हा' झाली आणि मराठीत 'तहान', म्हणजे टॉरेफॅक्शन हे आपल्या तहानेचे दूरचे नातलग आहे.

प्रतिसाद :
माझी शंका निराळी आहे. आमच्या विदर्भात शेतात उभ्या असलेल्या कपाशीलाही पऱ्हाटीच म्हणतात. 'भाजलेली पऱ्हाटी' वाचून आमच्याकडचा माणूस उन्हाने पीक करपले असेच समजेल. वेचणीनंतर उपटलेल्या काड्यांना आपापल्या भागात काय म्हणतात, ते कृपया सांगावे.