मदत हवी आहे: 'कुकिंग द बुक्स'ला मराठीत नेमकं काय म्हणाल?

नमस्कार मंडळी,

ताळेबंद कसा वाचावा, हे साध्या ठेवीदाराला सांगणारी एक इंग्रजी पुस्तिका मराठीत आणतोय. आकडे जमले, अडलोय वाक्प्रचारांपाशी.

पहिला 'कुकिंग द बुक्स', म्हणजे हिशेबाच्या वह्यांत मुद्दाम खोटे आकडे मांडणं. मी आधी 'अफरातफर' लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी खोडलं. अफरातफर म्हणजे पैसा खाल्ला. इथे वहीला खोटं बोलायला लावलंय, पैसा कुणी खाल्ला असेल किंवा नसेलही. अमेरिकेतल्या वर्ल्डकॉमने दुसऱ्यांच्या दूरसंचार जाळ्यांचं भाडं, म्हणजे नेहमीचा चालू खर्च, भांडवली खर्च म्हणून मालमत्तेच्या बाजूला टाकला. तो नफ्यातून लगेच वजा झाला नाही, म्हणून कागदावर नफा वाढला. सिंथिया कूपर यांच्या अंतर्गत लेखापरीक्षण विभागाने ते शोधून काढलं आणि जून २००२मध्ये कंपनीने कबूल केलेला पहिला आकडाच ३.८ अब्ज डॉलरचा होता. आपल्याकडच्या सत्यम या आयटी कंपनीत तर नसलेली रोकडच दाखवली होती. ७ जानेवारी २००९च्या पत्रात तिचे अध्यक्ष रामलिंग राजूंनी ५,०४० कोटींची फुगवलेली शिल्लक मान्य केली. कायद्यातही हिशेब खोटे करणं हा वेगळा गुन्हा आहे: आधी दंड संहितेचं कलम ४७७अ, आता न्याय संहितेचं ३४४.

शब्दशः जाता येत नाही. मराठीत कट शिजतो, वह्या शिजत नाहीत.

मला सुचलेला शब्द वडिलांचा आहे. ते किराणा पेढीवर मुनीम होते. रात्री रोजकीर्द मांडीवर घेऊन बसायचे. चुकलेला आकडा त्यांनी कधी पुसला नाही. त्यावर एक आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा आणि बारीक सही. रेघेखालचा आकडाही वाचता आलाच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. 'मेळ बसला' म्हणाले की जेवायला उठायचे. 'मेळ बसवला' हे मात्र दुसऱ्या पेढीबद्दल बोलताना, आवाज खाली आणून. त्यावरून मी 'हिशेब बसवणे' धरलंय. विदर्भात, मराठवाड्यात, गोव्यात, बेळगावकडे यातून लबाडीच कळेल ना? की नुसतं 'हिशेब जुळवणे' असा अर्थ लागेल?

दोन वह्या ठेवण्याला 'कच्ची-पक्की' आहेच, तिथे अडचण नाही.

'विंडो ड्रेसिंग'ला, म्हणजे ताळेबंदाच्या तारखेपुरतं चित्र चांगलं दाखवण्याला, अजून शब्द नाही. अमेरिकेतल्या लेहमन ब्रदर्स या गुंतवणूक बँकेने २००८मध्ये 'रेपो १०५' या व्यवहाराने तिमाही संपताना सुमारे ५० अब्ज डॉलरची मालमत्ता ताळेबंदातून बाहेर काढली, आलेल्या पैशातून देणी तात्पुरती कमी केली आणि पुढच्या तिमाहीत ती मालमत्ता परत आणली. यात मुद्दा तारखेचा आहे. पाहुणे यायच्या आधी घर आवरावं तसं त्या एका दिवसापुरतं. 'रंगरंगोटी' म्हटलं तर ही तारीखच निसटते. 'मार्चअखेरची सजावट' कसं वाटतं?

आणि सगळ्यात जास्त छळतोय तो 'एव्हरग्रीनिंग'. बुडालेलं कर्ज जिवंत दिसावं म्हणून त्याच माणसाला नवं कर्ज द्यायचं आणि त्यातून जुनं फेडून घ्यायचं. यासाठी आपल्याकडे 'नवं-जुनं' हा तयार शब्द आहे. सहकारात वावरलेल्या कुणालाही तो कळतो. आमच्या भागातल्या एका पतसंस्थेत हेच वर्षानुवर्षं चाललं. अहवालात दरवर्षी नफा, लेखापरीक्षणात 'अ' वर्ग, आणि एके दिवशी खिडकीवर कागद चिकटवलेला: ठेवी परत देणे तूर्त बंद. त्यात आईच्याही ठेवी आहेत. ही पुस्तिका मी तिच्यासारख्यांसाठीच करतोय.

पण पाऊस गेला की शेतकरी पीककर्जाचं नवं-जुनं करून घेतो, तेव्हा तो कुणाला फसवत नसतो. तोच शब्द लबाडीच्या प्रकरणात छापला तर त्याच्यावर बोट ठेवल्यासारखं होईल, आणि ते मला अजिबात नकोय. शब्द तोच ठेवून 'संचालकांनी केलेलं नवं-जुनं' असा कर्ता जोडू, की दुसरा शब्द शोधू? बँकेत, पतसंस्थेत किंवा सीएंच्या हाताखाली काम केलेल्यांनी तिथे प्रत्यक्ष बोलला जाणारा शब्द कृपया सांगा. अनुवाद पुढच्या आठवड्यात छपाईला जायचाय.