मदत हवी आहे: मत देताना बायबलच्या वचनाचा आधार कसा घ्यावा?

मुंबईतल्या आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघात पालिका निवडणुकीवर चर्चा घ्यायची आहे. मुलांचा प्रश्न साधा आहे. एक उमेदवार आपल्या दफनभूमीची भिंत बांधून देतो म्हणतो, पण झोपड्या हटवायच्या बाजूचा. दुसरा झोपडीवाल्यांसाठी धडपडतो, आपल्या समाजाबद्दल मात्र गप्प.

रोमकरांस १३ (पौलाने रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राचा तेरावा अध्याय) वाचलं. त्यात अधिकाऱ्यांच्या अधीन राहायला सांगितलंय, पण अधिकारी निवडायचा कसा ते नाही. पौलाच्या काळी आजच्यासारखं मतदान कुठलं! यिर्मया २९:७ मधलं ‘नगराचं हित’ आणि मत्तय २५ मधले, ज्यांना मदत करायला सांगितलंय ते भुकेले, परके मला जास्त जवळचे वाटतात. पाळकसाहेब म्हणाले, प्रार्थना करून ठरवा.

पक्षांची नावं, प्रचार नको. आपल्या समाजाचं काम आणि गरिबांचं घर यांत ख्रिस्ती मतदाराने आधी काय बघावं, आणि कुठल्या वचनावरून?