आधी टाकीपाशी न्या

वर एका ताईंनी विचारलंय की बी.एस्सी. झालेल्या भाचीला पर्यावरण आरोग्यात काम करायचंय, तर काय करावं. बहुतेकांनी 'सरळ एमपीएच', म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी, असं सुचवलंय. पदवी हवीच, पण आधी तिला गावच्या पाण्याच्या टाकीपाशी न्या.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. दर पावसाळ्यात मुलांना जवळच्या गावात नेते. नळाचं पाणी परीक्षानळीत घ्यायचं, ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकायचे, पिवळा रंग येतो का बघायचं; रंग आला की पाण्यात क्लोरीन आहे. लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन हवा, हे सगळ्यांना तोंडपाठ. एकदा रंग आलाच नाही. पाण्यात क्लोरीन टाकायचं काम बघणारे ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक काका म्हणाले, "रोज मोजून टाकतो हो." खरंच टाकत होते. मग मुलांनी टीसीएलचं, म्हणजे ब्लीचिंग पावडरीचं, पोतं पाहिलं: तोंड उघडं, भिंतीला ओल, पावडरीचे गोळे झालेले. ताज्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो, ओलीने तो निघून जातो. काकांना न दुखावता हे सांगायला मुलांना अर्धा तास लागला. ते शिक्षण मला वर्गात देता आलं नसतं.

स्वच्छता निरीक्षकाचा डिप्लोमाही कमी लेखू नका, त्यात प्रत्यक्ष काम खूप असतं. आयएस १०५०० हे पिण्याच्या पाण्याचं मानक तिला आत्ताच वाचायला द्या. आणि ताई, तुम्ही यवतमाळ-चंद्रपूरकडच्या असाल तर सुरुवात भूजलातल्या फ्लोराइडपासून करा. मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर १.५. आधी घरच्याच बोअरचं पाणी तपासून घ्या.