मरळ फ्रॉगवर झडप घालते, पण गळाला लागत नाही

सिंदफणाकाठ:
राम राम मंडळी. माजलगाव धरणाच्या फुगवट्याला बेशरमाच्या झाडीत लै मरळ आहे. रबरी फ्रॉग, म्हणजे बेडकाच्या आकाराचं खोटं आमिष, टाकला की धप्पकन झडप, अन् ओढलं की निस्ता फ्रॉग अंगावर येतो. दोरी साधी तंगूस, म्हणजे नायलॉनची, आहे. फ्रॉगला वजन लावू का? का सरळ गांडुळावर यावं?

येलदरीचा मामा:
वजनबिजन लावू नको बाबा, फ्रॉग वरच तरंगला पाहिजे. त्याचे दोन्ही गळ पाठीला चिकटून, तोंड वर करून असतात, म्हणून तर तो बेशरमात अडकत नाही. पकडीनं ते जरासे बाहेर वाकव, ज्वारीच्या दाण्याएवढे, बस. आधी फ्रॉग दाबून बघ. चपटा होऊन गळ उघडे पडले तरच कामाचा. काही इतके कडक येतात की माझ्या अंगठ्यानं दबत नाहीत, मरळ काय दाबणार!

तंगूस काढून टाक. ती ताणते, अन् मरळीचा जबडा हाडाचा. तुझा झटका वाटेतच विरतो. विणलेली दोरी घे, ब्रेड म्हणतात ती, ३० ते ४० पौंडाची, अन् फ्रॉगला थेट गाठ मार.

अन् आवाज आला की लगेच हिसका देऊ नको. छडीचं टोक पाण्याकडं, ढिली दोरी गुंडाळून घे, वजन हाताला लागलं की मग झटका. लागल्यावर ढील नाही, ती सरळ मुळांत घुसते.

मरळ हवा घ्यायला वर येते. बुडबुडा दिसला तर त्याच्या पलीकडं टाकून अलीकडं आण, डोक्यावर नको.

सिंदफणाकाठ:
पावसाळ्यात मरळीच्या लाल पिल्लांचा घोळका दिसतो, त्याच्या खाली नर-मादीची जोडी असतेच. तिथं टाकावं का?

येलदरीचा मामा:
हमखास चावते, म्हणूनच टाकायचं नाही. ती भुकेनं नाही, पिल्लांपायी येते. ती काढली की बाकीचे मासे पिल्लांचा फडशा पाडतात. असं करणाऱ्याला मी चहासुद्धा पाजत नाही.

नांदेडकर:
गांडुळाचं म्हणाल तर मरळीआधी चिलापीच (तिलापिया) ते संपवती. रोहू हवा असेल तर शेंगदाणा पेंड अन् कणीक घट्ट मळून गोळी करा. कटल्याला तीच, पण वरच्या पाण्यात, तरंगा लावून. अन् दादा, तलाव ठेक्यानं दिलेला असतो. आधी मच्छीमार संस्थेच्या माणसाला विचारा. जायकवाडीला जाणार असाल तर वन खात्यालाही, १९८६ पासून ते पक्षी अभयारण्य आहे.

सिंदफणाकाठ:
ब्रेड मागवली. मामा, फ्रॉगचा रंग कोणता घेऊ?

येलदरीचा मामा:
गढूळ पाण्यात काळा. बाकी रंग दुकानदारासाठी असतात.