जॉन गूल्डचे हमिंगबर्ड आणि एडवर्ड लिअरचे पोपट : ‘हुबेहूब’ कशाला म्हणायचं?

रानपिंगळा
१९व्या शतकातली ती इंग्रजी पक्षीचित्रं हल्ली कॅफेत, होमस्टेत, जिथेतिथे फ्रेम करून लावलेली दिसतात आणि बघणारा म्हणतो, काय हुबेहूब काढलाय पक्षी! मला हे अजिबात पटत नाही म्हणून धागा काढतोय. जॉन गूल्ड या इंग्रज पक्षीतज्ज्ञाचं हमिंगबर्डवरचं (फुलांतला रस पिणारे अमेरिकेतले इवलेसे पक्षी) पुस्तक १८४९ ते १८६१ असं भागाभागाने निघालं, ३६० चित्रं, पानोपानी फुलांवर भिरभिरणारे पक्षी, आणि या माणसाने जिवंत हमिंगबर्ड पहिल्यांदा पाहिला १८५७ मध्ये, फिलाडेल्फियाला, म्हणजे पुस्तक निघायला लागून आठ वर्षं झाल्यावर! तोवरचं सगळं अमेरिकेतून लंडनला आलेल्या वाळक्या कातड्यांवरून, म्हणजे मेलेल्या पक्ष्यांच्या पिसांसकट वाळवून ठेवलेल्या कातड्यांवरून. याउलट इंग्रज चित्रकार एडवर्ड लिअर. वय १८, खिशात पैसे नाहीत, तरी पोरगा लंडनच्या झूमध्ये जाऊन बसायचा, रखवालदार पोपट धरून ठेवायचा आणि हा मापं घेऊन समोर बघून काढायचा. १८३० ते ३२ मध्ये ४२ चित्रं झाली. त्यातला एखादा मकाऊ (लांब शेपटीचा मोठा पोपट) नीट बघा, डोळ्याभोवतीच्या उघड्या कातडीच्या सुरकुत्यासुद्धा आहेत. माझ्या मते लिअरचं ते व्यक्तिचित्र आणि गूल्डचा तो अंदाज, दोन्ही एका रांगेत लावूच नयेत.

शिळाछाप
साफ असहमत. या चित्रांचं काम मुळात ओळख पटवण्याचं होतं. डार्विनने गालापागोसहून आणलेले पक्षी त्याला स्वतःला वेगवेगळ्या कुळांतले वाटत होते, १८३७च्या जानेवारीत गूल्डने ते बघितले आणि सांगितलं की बाबा रे हे सगळे फिंचच (चिमणीएवढे पक्षी) आहेत, एकमेकांचे सख्खे. कशावरून सांगितलं? कातड्यांवरूनच ना! चोच, पंख, शेपूट मोजायला मेलेला पक्षी हातात लागतो, पिंजऱ्यात नाचणारा पोपट बघून ते होत नाही.
आणि कारागिरी तरी बघा. ही चित्रं शिळाछापाची, म्हणजे दगडावर चित्र काढून त्यावरून कागदावर छापलेली. आपल्याकडे मळवलीच्या रविवर्मा प्रेसमध्ये एकेका रंगाला वेगळा दगड लागायचा, गूल्डकडे दगडावरून फक्त काळी रेघ छापून यायची आणि रंग प्रत्येक प्रतीवर हाताने भरायचे. हमिंगबर्डच्या गळ्याची चमक आणायला आधी सोन्याचा वर्ख लावून त्यावर पारदर्शक रंग आणि वार्निश. याला अंदाज म्हणणं अन्याय आहे.

रानपिंगळा
वर्खाबद्दल वाद नाही, मोजमापाबद्दलही नाही. पण कातड्याला डोळे नसतात हो! डोळ्याचा रंग, पायांचा रंग, उघडी कातडी हे सगळं मेल्यावर उडून जातं. ट्रॅगोपान या हिमालयातल्या कोंबडीवर्गातल्या पक्ष्याचा नर मादीपुढे गळ्याखालचा रंगीत पडदा उलगडतो, वाळलेल्या कातड्यावर त्याची नुसती सुरकुतलेली पट्टी उरते. जो भाग दिसलाच नाही तो चित्रकार आणणार कुठून? आणि आपण भिंतीवर लावून म्हणायचं पक्षी असा असतो.

अनघा_पुणे
मगापासून दोघंही गूल्ड गूल्ड करताय, पण हिमालयातल्या १०० पक्ष्यांच्या त्याच्या पहिल्या पुस्तकातली ८० चित्रं दगडावर उतरवली त्याच्या बायकोने, एलिझाबेथने. हिमालयात ना ती गेली होती ना तो, समोर येईल त्या कातड्यावरून काढणं एवढंच तिच्या हातात होतं, त्यात तिची काय चूक? १८३८ ला ती नवऱ्याबरोबर ऑस्ट्रेलियाला गेली, धाकटी तीन मुलं इंग्लंडमध्ये ठेवून, तिथे काम केलं, परत आली आणि १८४१ मध्ये आठव्या बाळंतपणानंतर गेली, वय ३७. तुम्ही ज्याला अंदाज म्हणताय त्यात या बाईचं आयुष्य गेलंय, आणि चर्चेत नाव फक्त नवऱ्याचं. चोपता, सिक्कीमला जाणारे आपले लोक ‘मिसेस गूल्ड्स सनबर्ड’चे फोटो टाकतात ना, तो शिंजीर हिच्याच नावाचा.

तांबट
लिअरला एवढं डोक्यावर घ्यायचं कारण कळलं नाही. त्याचे पोपटही पिंजऱ्यातलेच, कोणत्या झाडावर बसतात, काय खातात हे त्याला कुठे दिसलं? ज्या निळ्या मकाऊला त्याचं नाव दिलंय तो रानात नेमका राहतो कुठे हे १९७८ पर्यंत कुणाला माहीत नव्हतं. दुसरीकडे अमेरिकेतला पक्षीचित्रकार ऑडुबॉन, ४३५ चित्रं, तो तर रानातच राहायचा, पण पक्षी मारून तारेने हव्या त्या पोझमध्ये बांधून काढायचा. आणि जिवंत पक्षी समोर ठेवून काढायचं श्रेय लिअरला देण्याआधी कलकत्त्याकडे बघा. १७७७ पासून पुढे लेडी इम्पेने (तिथल्या इंग्रज सरन्यायाधीशाची बायको) पाळलेले पक्षी शेख झैनुद्दीन, भवानी दास आणि राम दास या पाटण्याकडच्या चित्रकारांनी काढले, लिअरच्या पन्नास वर्षं आधी. ती चित्रं कुठल्या कॅफेत दिसतात का?

रानपिंगळा
तांबट, झैनुद्दीनचा मुद्दा एकदम मान्य, त्याने माझंच म्हणणं पक्कं होतं. अनघाताई, एलिझाबेथला दोष देतच नाहीये, तिचं नाव प्रत्येक प्रिंटखाली यायलाच हवं. माझी मागणी एवढीच की त्याच्याच शेजारी ‘कातड्यावरून’ की ‘जिवंत पक्ष्यावरून’ हेही छापा. प्रिंट विकणाऱ्यांना हा एक शब्द जड नाही.

शिळाछाप
छापा की, हरकत नाही. पण मग ‘कातड्यावरून’ वाचून ज्याला ते चित्र कमी दर्जाचं वाटेल त्याने म्युझियममध्ये जाऊन तेच कातडं बघावं, आणि त्या वाळलेल्या, चपट्या गोळ्यातून उडता पक्षी उभा करायला काय नजर लागते ते मग मला येऊन सांगावं.